झेल्डाची कॉमिक्स वाचायचीत, फॅन मंडळींत शिरायचंय, पण सुरुवात कुठून करू?

झेल्डा म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही व्हिडिओ गेमची मालिका. तिचा एखादा गेम खेळलाय, किंवा भावाला नाहीतर मैत्रिणीला खेळताना शेजारी बसून बघितलंय, आणि आता ती माणसं डोक्यातून जातच नाहीयेत, अशांसाठी हे लिहितेय. कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, नसला तरी चालेल. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे नसतोच, निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल बहुतेक बाहेरून आयात होऊनच येतो आणि गेमही महाग पडतात, त्यामुळे कॉमिक्सच्या दाराने आत येणारे पुष्कळ लोक आहेत आणि माझ्या मते ते दार अजिबात कमी दर्जाचं नाही.

एक गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. या मालिकेचा हिरो लिंक, 1986 साली जपानमध्ये पहिला गेम आला तेव्हापासून बोलत नाही. म्हणजे ओरडतो, धापा टाकतो, पण वाक्य बोलत नाही, समोरचा बोलतो आणि आपण पर्याय निवडतो. गेममध्ये हे छान चालतं कारण लिंक म्हणजे आपणच. पण कॉमिकमध्ये दोनशे पानं मुका हिरो कसा चालवणार? तिथे त्याला बोलतं करावंच लागतं, चिडतो कशावर, घाबरतो कशाला, हे सगळं कोणीतरी ठरवावं लागतं. झेल्डाची कॉमिक्स आणि फॅन्सनी काढलेली चित्रकथा ही सगळी या एका मोकळ्या जागेतून आलीयत, प्रत्येकाने आपापला लिंक त्यात भरलाय. हे लक्षात ठेवून वाचलंत ना की "गेममध्ये तर असं नव्हतं" ही तक्रार गळून पडते आणि मजा यायला लागते.

पायरी 1: टाइमलाइन, म्हणजे कथांचा कालक्रम, बाजूला ठेवा

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न हाच, क्रम काय? मग कोणीतरी तो तीन फांद्यांचा तक्ता पाठवतं आणि बिचारा तिथेच थांबतो. तो तक्ता खरा आहे, निन्टेन्डोने 25 वर्षं झाली तेव्हा म्हणजे 2011 च्या शेवटी जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं त्यात तो छापला, इंग्रजीत 2013 मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशकाने आणला. 'ऑकारिना ऑफ टाइम' या गेमनंतर कथा तीन वाटांनी जाते, लिंक परत लहान होतो ती एक, तो मोठेपणी जिंकून निघून जातो ती दुसरी आणि तो हरतो ती तिसरी. वाचायला भारी आहे, पण सुरुवातीला त्याची काहीच गरज नाही. बहुतेक गेममध्ये लिंक वेगळा, झेल्डा वेगळी, काळही वेगळा, आणि कॉमिक्स तर त्या तक्त्यात मोजतच नाहीत. प्रत्येक कॉमिक हे एका गेमचं स्वतंत्र सांगणं आहे. तेव्हा कुठलंही आधी उचला.

एवढंच माहीत असू द्या: राज्याचं नाव हायरूल, राजकन्या झेल्डा, खलनायक बहुतेक वेळा गॅनन किंवा त्याचं माणसाचं रूप गॅननडॉर्फ, आणि ट्रायफोर्स म्हणजे तीन सोनेरी त्रिकोण, शक्ती, शहाणपण आणि धैर्य. बाकीचं वाचता वाचता कळतं.

पायरी 2: पहिलं पुस्तक कुठलं

मी डोळे झाकून 'ऑकारिना ऑफ टाइम' सांगेन. गेम 1998 चा, त्याची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढली अकिरा हिमेकावा यांनी. हे एका माणसाचं नाव वाटतं पण दोन बायकांचं मिळून टोपणनाव आहे, ए. होंडा आणि एस. नागानो. झेल्डाची दहा पुस्तकं त्यांनी काढली आणि वर 'ट्वायलाइट प्रिन्सेस' ही मोठी मालिका वेगळी. ऑकारिनाची मांगा जपानमध्ये शोगाकुकान या प्रकाशनाच्या शाळकरी मुलांच्या मासिकांत हप्त्याहप्त्याने यायची, त्यामुळे तिचा वेग बघा, गेममध्ये तासभर डोकं खाणारं देऊळ इथे दोन पानांत उरकतं. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत, कारण वाचवलेली पानं त्या दोघींनी नेमकी कुठे खर्च केलीयत ते बघण्यासारखं आहे.

एक उदाहरण देते, यात स्पॉयलर आहे, म्हणजे कथेतलं रहस्य आधीच फुटतं, नको असेल तर पुढच्या पायरीवर उडी मारा. गेममध्ये अग्नीच्या देवळात व्होल्वाजिया नावाचा ड्रॅगन आहे. लाव्हाच्या खड्ड्यातून डोकं वर काढतो, आपण मोठा हातोडा त्याच्या डोक्यात घालायचा, परत आत जातो, परत वर येतो, मेला की पुढे चला. तो बॉस आहे, म्हणजे देवळातला शेवटचा मोठा शत्रू, बस्. मांगामध्ये त्या दोघींनी काय केलं, तर लहान लिंकला हाच ड्रॅगन बाजारात विकायला ठेवलेलं पिल्लू म्हणून भेटवला. लिंक त्याला विकत घेतो, जीव लावतो, सोडून देतो. मग कथेत लिंक सात वर्षं झोपतो, उठतो तो मोठा होऊन, आणि देवळात समोर येतो तो तेच पिल्लू मोठं झालेलं, गॅननडॉर्फच्या ताब्यात गेलेलं. आणि लिंकला त्याला मारावं लागतं. तेच देऊळ, तोच राक्षस, पण आता सात वर्षं हातातून गेली म्हणजे नक्की काय गेलं ते कळतं, जे गेम खेळताना हातोडा मारण्याच्या नादात माझ्या मनातही आलं नव्हतं. झेल्डाचं कॉमिक का वाचावं याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

ऑकारिनानंतर कुठे जायचं ते तुमच्या स्वभावावर. गंमत, भांडणं, मैत्री आवडत असेल तर 'फोर स्वोर्ड्स'. यात लिंकचे चार लिंक होतात, हिरवा, लाल, निळा, जांभळा. गेममध्ये हे चौघं म्हणजे चार खेळाडूंसाठी चार रंग, स्वभाव वगैरे काही नाही. हिमेकावांनी लाल हळवा केला, निळा तापट, आणि जांभळा, ज्याला सगळे व्हिओ म्हणतात, तो डोक्याने चालणारा. वर शॅडो लिंक नावाचा काळा सावली-लिंक. आज फॅन आर्टमध्ये व्हिओ आणि शॅडो दिसले की समजायचं हे लोक गेममधून नाही, या दोन पुस्तकांमधून आलेत. एवढं वजन आहे त्या मांगाचं.

'मजोराज मास्क' गेम म्हणून फार खोल आहे, तीन दिवसांत चंद्र पडणार आणि तेच तीन दिवस परत परत जगायचे. मांगा एकाच पुस्तकात आहे त्यामुळे धावते, पण शेवटी तो मुखवटा कुठून आला याची एक छोटी कथा जोडलीय, ती लेखिकांची स्वतःची, गेममध्ये नाही, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पुस्तक घ्यावं. घरातल्या लहान मुलाला द्यायचं असेल तर 'मिनिश कॅप'. 'ओरॅकल ऑफ सीझन्स' आणि 'ओरॅकल ऑफ एजेस' जोडीने वाचा. 'फँटम अवरग्लास' शेवटी ठेवा, वाईट नाही पण हलकं आहे.

'ट्वायलाइट प्रिन्सेस' मात्र सगळ्यात आधी घेऊ नका. 2006 चा गेम, मांगा 2016 ला सुरू झाली ती 2022 पर्यंत चालली, 11 भाग. ही थोड्या मोठ्या वाचकांसाठी आहे, रक्त आहे, भीती आहे, लिंकला गेममध्ये नसलेला एक भूतकाळ दिलाय, आणि लिंकची सोबतीण मिड्ना जी काय रंगवलीय ती बघाच. पण आधीची पुस्तकं वाचून मग इथे आलात तर त्या दोघींचा हात किती बदलत गेला ते दिसतं, तो आनंद घालवू नका.

पायरी 3: पान कुठून वाचायचं

ज्यांनी मांगा कधी वाचलीच नाही त्यांच्यासाठी. हिमेकावांची पुस्तकं इंग्रजीत विझ या प्रकाशकाने जपानी पद्धतीनेच छापलीयत, म्हणजे आपल्याला जे पुस्तकाचं शेवटचं पान वाटतं तिथून सुरुवात. पानावर उजव्या वरच्या कोपऱ्यातली चौकट आधी, मग डावीकडे, मग खालची ओळ परत उजवीकडून. चौकटीच्या आत संवादांचे फुगेसुद्धा उजवीकडून. पहिली वीस-पंचवीस पानं गोंधळ होतो, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो, नंतर डोळ्याला सवय होते. आवाजाची जपानी अक्षरं चित्रातच असतात, ती वाचता आली नाहीत तरी त्यांचा आकार बघा, जाड खडबडीत म्हणजे धडाका, बारीक थरथरती म्हणजे भीती नाहीतर शांतता.

पायरी 4: विकत घेताना

आधीची दहा पुस्तकं विझने 2008 पासून सुटी काढली आणि नंतर 2016 पासून 'लेजंडरी एडिशन' नावाने दोन-दोन एकत्र करून पाच जाड पुस्तकांत. नवीन माणसाने ही पाचवाली घ्यावी, आकार मोठा आहे, चित्रं मोकळी दिसतात. फक्त जोड्या बघून घ्या: ऑकारिनाचे दोन्ही भाग एकात, मजोराज मास्कबरोबर 'अ लिंक टू द पास्ट', मिनिश कॅपबरोबर फँटम अवरग्लास, दोन्ही ओरॅकल एकात, दोन्ही फोर स्वोर्ड्स एकात. सुटं मजोराज मास्क आधी घेतलं आणि मग लेजंडरीपण मागवलं तर एकच गोष्ट दोनदा घरात येते.

विझची पुस्तकं भारतात सायमन अँड शुस्टरमार्फत येतात, त्यामुळे ओळखीच्या पुस्तकाच्या दुकानात नसेल तर मागवून द्यायला सांगा, बरेचदा मिळतं. ऑनलाइन किंमत रोज वरखाली होते, घाई करू नका. आणि नकली प्रतींपासून सावध राहा, मांगाच्या बाबतीत हा त्रास आपल्याकडे खूप आहे. किंमत संशयास्पद कमी, कागद पातळ, मागच्या पानावरची शाई पुढे दिसते, आणि राखाडी ठिपक्यांची छटा असते ना ती मळकट एकसारखी झालेली, असं काही दिसलं तर परत करा. दोघी बायकांनी वर्षानुवर्षं बसून काढलेलं काम आहे, त्याचे पैसे योग्य ठिकाणी जावेत असं मला मनापासून वाटतं. परवडत नसेल तर कोणाकडून वाचायला मागा, वाचनालयात मागणी नोंदवा, मित्रांमध्ये पाचजणांनी एकेक घेऊन फिरवा.

पायरी 5: जुनं काय आहे ते एकदा बघून घ्या

हे वेळ असेल तर. 1990 मध्ये अमेरिकेत व्हॅलियंट या प्रकाशकाने झेल्डाचं कॉमिक काढलं होतं, ते आता संग्राहकांचं प्रकरण आहे, नाही मिळालं तरी अडत नाही. पण शोतारो इशिनोमोरी यांचं 'अ लिंक टू द पास्ट' सोडू नका. हे तेच ज्यांनी 'सायबॉर्ग 009' आणि 'कामेन रायडर' उभे केले, जपानी मांगातलं केवढं मोठं नाव, आणि त्यांनी 1992 च्या जानेवारी ते डिसेंबर 'निन्टेन्डो पॉवर' या अमेरिकन मासिकासाठी 12 प्रकरणं काढली, पूर्ण रंगीत आणि डावीकडून उजवीकडे. विझने 2015 मध्ये पुन्हा छापलं. यात लिंकबरोबर एक छोटी परी आहे, रोम नावाचा एक गर्विष्ठ योद्धा आहे जो गेममध्ये नाहीच, आणि शेवट तर हुरहूर लावणारा आहे, जिंकल्यावर लिंक आणि झेल्डा दोघांनाही कामं एवढी की एकमेकांना भेटायला वेळ नाही. मुलांच्या गेम मासिकात असा शेवट करायला धाडस लागतं. हिमेकावांनीही याच गेमची मांगा केलीय, दोन्ही लागोपाठ वाचा, एकाच गेममधून दोन किती वेगळे लिंक निघतात ते बघा.

पायरी 6: आता फॅन्सच्या जगात

2017 ला ब्रेथ ऑफ द वाइल्ड आला आणि गर्दी प्रचंड वाढली. त्या गेमची रचनाच अशी की लिंक शंभर वर्षांनी उठतो, काही आठवत नाही, आणि जुन्या आठवणी तुकड्या तुकड्यांत सापडतात. मधल्या जागा सगळ्या रिकाम्या. वर हायरूलच्या किल्ल्यात झेल्डाची डायरी सापडते त्यात तिने लिहिलंय की एवढ्या लोकांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून खंबीर राहायचं आणि सगळं मुकाट सोसायचं असं लिंकला वाटतं, म्हणून तो बोलत नाही. तीस वर्षं जे फक्त गेमची सोय होती त्याला पहिल्यांदा कारण मिळालं, आणि त्या एका पानावरून फॅन्सनी किती कॉमिक्स काढली असतील त्याला मोजमाप नाही.

फॅन कॉमिक्समध्ये शिरताना काही शब्द लागतील. कॅनन म्हणजे गेममध्ये खरंच घडलेलं. फॅनॉन म्हणजे फॅन्सनी मिळून मान्य केलेलं पण अधिकृत नसलेलं. हेडकॅनन म्हणजे तुमचं एकट्याचं. एयू म्हणजे तीच पात्रं पण दुसऱ्याच जगात, समजा लिंक बेकरी चालवतोय. झेलिंक म्हणजे झेल्डा आणि लिंक यांची जोडी. गेमची नावं लोक आद्याक्षरांनी लिहितात, बीओटीडब्ल्यू म्हणजे ब्रेथ ऑफ द वाइल्ड, टीओटीके म्हणजे 2023 चा टिअर्स ऑफ द किंगडम, ओओटी, एमएम, टीपी तुम्हाला आता कळतीलच.

यात नवीन माणूस हमखास फसतो अशी एक जागा आहे. तुम्हाला चित्रांमध्ये लिंकला वाइल्ड, टाइम, ट्वायलाइट, लेजंड, स्काय, विंड अशा नावांनी हाक मारलेली दिसेल आणि वाटेल की ही गेममधली नावं. नाहीत. 'लिंक्ड युनिव्हर्स' नावाचं एक फॅन कॉमिक आहे त्यात वेगवेगळ्या गेममधले नऊ लिंक एकत्र प्रवास करतात, आता नऊजण लिंक म्हटल्यावर हाक मारायची कशी, म्हणून ही टोपणनावं. ते इतकं पसरलं की त्याच्यावरही लोक फॅन कथा लिहितात. टम्बलर या साइटवर फुकट वाचायला मिळतं, जरूर वाचा, आणि पहिल्या प्रकरणापासून वाचा, मधूनच सुटी पानं बघितली तर कोण कुठला काही लागत नाही.

वागण्याचं थोडं. आवडलेलं पान शेअर करायचं तर मूळ पोस्टच शेअर करा, स्क्रीनशॉट काढून आपल्या पेजवर टाकू नका, खाली "चित्रकाराला श्रेय" असं नाव न घेता लिहून काही होत नाही, नाव आणि मूळ पोस्टचा पत्ता लागतो. मराठीत भाषांतर करावंसं वाटलं तर आधी विचारा, बहुतेक जण खूश होऊन हो म्हणतात, नाही म्हणाले तर विषय सोडा. स्पॉयलर झाकून लिहा, गेम जुना असला तरी, कारण कोणीतरी आज पहिल्यांदा खेळतंय. कोणती जोडी बरोबर यावर भांडणं चालू दिसली तर त्यात पडू नका, टॅग ब्लॉक करायची सोय असते ती वापरा. आणि वाचून गप्प निघून जाऊ नका, दोन ओळी लिहा, कुठली चौकट आवडली ते नेमकं सांगा. फुकट काढणाऱ्या माणसाला तेच मिळतं, बाकी काही मिळत नाही.

पायरी 7: स्वतः काढायचं असेल तर

काढाच. मोठी गाथा नको, चार चौकटी पुरे. गेममधला एक असा क्षण निवडा जिथे लिंक काहीच बोलला नाही आणि तुम्हाला वाटलं की आत्ता याच्या मनात काय असेल. पहिली चौकट जागा दाखवायला, दुसरी काय झालं, तिसरी चेहरा, चौथी तो काय करतो किंवा म्हणतो. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वही आणि पेनही चालेल, फोनने फोटो काढा.

लिंकच्या बाबतीत फॅन्सची नजर एका गोष्टीवर पटकन जाते, हात. पहिल्यापासून लिंक डावखुरा. ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये गेमक्यूब या जुन्या कन्सोलवर तो डावखुराच होता, पण वी या नव्या कन्सोलवर रिमोट बहुतेक लोक उजव्या हातात धरणार म्हणून अख्खं जग आरशासारखं उलटं केलं आणि लिंक उजवा झाला. पुढे 2011 च्या स्कायवर्ड स्वोर्डमध्ये उजवा, ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही उजवा. तेव्हा कुठला लिंक काढताय ते ठरवा आणि तलवार त्या हातात द्या. हे बरोबर काढलंत की डावखुरे वाचक स्वतःहून येऊन बोलतात, त्यांच्यासाठी ही फार जिव्हाळ्याची गोष्ट आहे.

मराठीत लिहिणार असाल तर फुगे इंग्रजीपेक्षा उंच ठेवा. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, ओळींत अंतर कमी ठेवलं की एकमेकांत घुसतात. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे, फुकट आणि वाचायला स्वच्छ आहेत, हस्ताक्षरासारखं हवं असेल तर कलम. चौकटी आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून उजवीकडेच लावा, मांगासारखं दिसावं म्हणून उलटं करू नका, वाचणाऱ्याला उगाच त्रास. आणि लिंक झेल्डाला काय म्हणणार ते सुरू करायच्या आधी ठरवा. राजकन्या म्हणून "आपण" म्हणेल का, लहानपणापासूनचा सोबती असेल तर "तू", आणि दरबारात एक आणि एकांतात दुसरं असं केलंत तर एका शब्दात अख्खं नातं उभं राहतं, ही सोय इंग्रजीत काढणाऱ्यांना नाही, आपण ती पुरेपूर वापरावी.

ध्वनीही आपले घ्या. तलवार "खण्ण", दगड "धाडकन", बाण "सूं", कोंबडी "कॉक कॉक". कोंबडीला या मालिकेत कुक्को म्हणतात आणि तिला फार वेळा मारलं तर सगळ्या मिळून अंगावर येतात, हा प्रसंग पहिल्या कॉमिकसाठी उत्तम आहे कारण सगळ्यांना माहीत असतो आणि समजावून सांगावं लागत नाही.

टाकताना "फॅन कॉमिक" असं स्पष्ट लिहा, गेमचं नाव टॅगमध्ये द्या, स्पॉयलर असेल तर वर सांगा. विकायच्या भानगडीत पडू नका, पात्रं निन्टेन्डोची आहेत आणि ती कंपनी याबाबतीत कडक आहे, 2016 मध्ये फॅन्सनी पहिल्या गेमला मानवंदना म्हणून ब्राउझरवर फुकट बनवलेला गेमसुद्धा त्यांनी काढायला लावला होता. मुंबईत कॉमिक कॉन होतं तिथे लिंकचे कपडे घालून येणारे दिसतात, चार पानांच्या झेरॉक्स काढून त्यांना हातात द्या, पैसे न घेता. तलवार नेणार असाल तर फोम नाहीतर पुठ्ठ्याची, धातूची आत सोडत नाहीत, आणि आयोजकांचे त्या वर्षीचे नियम निघण्याआधी वाचून घ्या.